रंगावरून साप ओळखूं नये

चिखलीकडील शेतांत सोयाबीनची कापणी चालू असतां काळा साप दिसला, कीं "नागच तो" असें म्हणून काठी उचलिली जाते. पुष्कळदां मरते ती बिचारी धामण, व तिचे उंदीर आपल्या कोठारांत राहतात.

अमेरिकेंत धामणीच्याच कुळांतला कॉर्न सर्प हौशी लोक पाळितात. त्याचीं पिलें तांबडीं, करडीं, पांढरटहि निपजवितात. परंतु जात एकच. खातेदार बदलल्यानें जमीन बदलत नाहीं, तसेंच हें. धामणहि पिवळट, तपकिरी किंवा काळसर असते, आणि नागहि गव्हाळ ते काळा असतो. म्हणून रंग सोडून ठेवण पाहावी. धामणीचा डोळा मोठा, मान बारीक व ओठांच्या खवल्यांस काळ्या कडा असतात. नागाची मान डोक्याहून फारशी वेगळी दिसत नाहीं. फणा न काढलेला सापहि नाग असूं शकतो, हें विसरूं नये.

मण्यार व कवड्या यांतहि असाच घोटाळा होतो. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेपासून अंतर सोडून सुरू होतात व शेपटीकडे ठळक होतात. बिनविषारी कवड्याचे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मात्र पट्टे पाहण्यास जवळ जाऊं नये. संशय असल्यास साप विषारीच समजून दूर व्हावें.

दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जातां तत्काळ सरकारी रुग्णालय गांठावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर प्रतिविष एकच आहे. यास्तव साप मारून नेण्यांत वेळ दवडूं नये. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें धामण मारणें हा गुन्हा आहे.