खनिज वाढलं, भट्टी तेवढीच

छत्तीसगडातल्या बोरसीच्या परिसरात भिलाईच्या पोलाद कारखान्याची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. या कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९मध्ये सुरू झाली आणि लोहखनिज येत राहिलं दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून. खनिज कमी आलं तर भट्टी अर्धपोटी राहते, जास्त आलं तर लोखंडाचा रस वाढतो. पण भट्टी पोटभर चालू लागल्यावर बाहेर खनिजाचे डोंगर रचले, तरी रस तेवढाच निघतो. शरीरातल्या विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, हिशेबही असाच आहे. विकर ज्या द्रव्यावर काम करतं, त्या सबस्ट्रेटचं प्रमाण वाढलं की प्रक्रियेचा वेग वाढतो, पण एका हद्दीपर्यंतच. आलेख काढून गुण मिळवण्यापलीकडे या हद्दीला मोल आहे. प्यायलेली दारू किती वेळात उतरणार आणि विषारी दारू प्यायलेला माणूस कसा वाचणार, हे दोन्ही तीच ठरवते.

छत्तीसगडात चैत्राच्या सुमारास मोहाची फुलं वेचली जातात. ती भिजत घातली की त्यांतल्या साखरेवर यीस्ट तुटून पडतं. उसाच्या साखरेचे दोन तुकडे करणारं इन्व्हर्टेज हे विकर याच यीस्टमध्ये असतं. बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी १९१३ साली याच विकरावर प्रयोग केले. द्रावणाची आम्लता काबूत ठेवून, साखरेचं प्रमाण बदलत, त्यांनी प्रत्येक वेळी सुरुवातीचा वेग मोजला. साखरेचा रेणू आधी विकराला चिकटतो, मग तुटतो, आणि विकर पुढच्या रेणूसाठी मोकळं होतं, असं गृहीत धरलं की मोजलेले आकडे नेमके जुळत. भट्टीची उपमा इथे थोडी अपुरी पडते. विकर आणि रेणू यांची गाठ योगायोगाने पडते, त्यामुळे वेग एकाएकी थांबत नाही, हळूहळू मंदावतो. सर्वाधिक वेगाच्या १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर पोचायला सबस्ट्रेट नऊपट नव्हे, तब्बल ८१ पट लागतो. शेवटच्या टप्प्यात ओतलेलं बरंचसं द्रव्य रांगेत उभं राहतं.

यकृतात ही रांग रोज लागते. दारूतल्या इथेनॉलचं विघटन मुख्यतः अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर करतं, आणि ते फार लवकर भरून जातं. १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅमच्या आसपास इथेनॉल असलं, तरी ते जवळजवळ पूर्ण क्षमतेने राबत असतं. वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे त्या रेषेवर रांग आधीच लागलेली असते. त्यापुढे कितीही प्यायलं, तरी दर तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमच कमी होतात. रक्तात १२० मिलिग्रॅम असतील तर ३०पर्यंत उतरायला साधारण सहा तास लागतात. लिंबू, ताक किंवा कडक कॉफी विकरांची संख्या वाढवत नाही, त्यामुळे हे तासही घटवत नाही.

यावर कुणी म्हणेल, मुरलेल्या पिणाऱ्याची दारू लवकर उतरते, मग हद्द कसली? आक्षेपात तथ्य आहे. इथेनॉल जास्त झालं की यकृतातली दुसरी विकरव्यवस्था मदतीला येते, आणि रोजच्या पिण्याने तिच्यातली विकरं वाढतात. पण यातून नियम मोडत नाही, उलट पक्का होतो: वेग वाढला तो विकर वाढल्यामुळे, दारू वाढल्यामुळे नव्हे. शिवाय त्या वाढीची किंमत यकृतच मोजतं. भरल्या पोटी प्यायल्यास कमी चढते, हेही खरं. तिथे दारू रक्तात सावकाश उतरते, म्हणजे भट्टीकडे येणाऱ्या गाड्या रेंगाळतात. भट्टीची क्षमता होती तेवढीच असते.

या हद्दीचा सर्वांत मोठा उपयोग जिवावरच्या प्रसंगी होतो. जून २०१५मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसं दगावली. मिथेनॉल स्वतः तेवढं घातक नसतं. तेच यकृतातलं विकर त्याचं फॉर्मल्डिहाइड करतं, पुढे त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांची नस जाळतं. पण त्या विकराला मिथेनॉलपेक्षा इथेनॉल कितीतरी जवळचं. म्हणून रुग्णालयात फोमेपिझोल हे औषध देऊन विकर अडवतात किंवा शुद्ध इथेनॉल देऊन त्याच्या जागा भरून टाकतात. मग मिथेनॉल तसंच राहून मूत्रावाटे, श्वासावाटे किंवा डायलिसिसने बाहेर पडतं. म्हणजे दारूवर दारूचाच उतारा, असा निष्कर्ष काढणं मात्र जीवघेणं ठरेल. डॉक्टर रक्तातलं इथेनॉल १०० मिलिग्रॅमच्या आसपास तासन्‌तास मोजून राखतात. कमी पडलं तर मिथेनॉलला वाट मिळते. जास्त दिलं तर विकर अडवण्यात फारशी भर पडत नाही, कारण जागा आधीच भरलेल्या असतात, आणि रुग्णाचा श्वास मात्र मंदावू लागतो.