पिंजऱ्याबाहेरून (लेखांक ७) : पाचदा ठरलेली, एकदाही न झालेली फाइट

गेल्या खेपेला आपण गुण कसे देतात ते पाहिलं. आज थोडं मागे जाऊ, फाइटच्या आधीच्या दहा-बारा आठवड्यांत. मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा चाहता फाइट बघतो त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ फाइटची वाट बघत असतो. विजेतेपदाची लढत म्हटली तरी पाच मिनिटांचे पाच राउंड, म्हणजे फार तर पंचवीस मिनिटं. त्या पंचवीस मिनिटांसाठी तीन-तीन महिने जुन्या लढती उकरून काढायच्या, कोणाचा डावा पाय कुठे पडतो यावर मित्रांशी हमरीतुमरीवर यायचं, आणि मग एखाद्या गुरुवारी फोनवर बातमी यायची की फाइट रद्द. रविवारी सकाळी साडेसातला (अमेरिकेतली शनिवारची रात्र आपल्याकडे तेव्हा उजाडते) पोह्यांची बशी घेऊन बसलेल्या माणसाच्या नशिबी मग भलतीच जोडी येते.

या वाट बघण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे खबीब नुर्मागोमेदोव विरुद्ध टोनी फर्ग्युसन. यूएफसीने, म्हणजे या लढती भरवणाऱ्या संस्थेने, ही लढत पाच वेळा ठरवली. ती एकदाही झाली नाही आणि आता होणारही नाही. तरीही दहा जाणकार जमवा आणि कोण जिंकलं असतं ते विचारा, तासभर भांडण मिटणार नाही.

लोक या जोडीसाठी इतके का झुरले, हे समजायला दोघांच्या खेळात शिरावं लागेल.

खबीब दागेस्तानचा, वडील अब्दुलमनाप यांच्या हाताखाली कुस्ती आणि कॉम्बॅट साम्बोत तयार झालेला. त्याचा पट काढण्याचा सपाटा असा की २०१३ मध्ये एबल ट्रुहियोला त्याने एकाच लढतीत २१ वेळा खाली आणलं. तो यूएफसीचा विक्रम आहे. पण खाली आणणं ही नुसती सुरुवात. खबीब प्रतिस्पर्ध्याला रेटत जाळीपर्यंत नेतो आणि त्याची पाठ जाळीला टेकवून बसवतो. मग त्याच्या दोन्ही पायांभोवती स्वतःचे पाय गुंफून ते जखडून टाकतो. खालचा माणूस उठायचं म्हणून एक हात जमिनीला टेकतो, तेवढ्यात खबीब पाठीमागून हात घालून नेमकं तेच मनगट धरतो. आता त्या माणसाकडे एकच हात मोकळा राहिला. त्याने तोंड झाकलं तर उठता येत नाही, आणि उठायला गेला तर तोंड उघडं पडतं. खबीबचा दुसरा हात तोवर कामाला लागलेला असतो. शिवाय हे सगळं चालू असताना तो समोरच्याशी गप्पाही मारतो!

फर्ग्युसनचं तंत्र याच्या अगदी उलट्या टोकाचं. बहुतेक लढवय्ये पाठीवर पडले की घाबरतात, हा तिथे रमतो. खालून कोपरं मारतो, आणि कोपराचं हाड कपाळावर घासलं की कातडी ब्लेडने चिरल्यासारखी फाटते. वर बसलेला माणूस जिंकतोय असं आपल्याला वाटत असतं आणि त्याच्याच डोळ्यांत रक्त उतरत असतं. फर्ग्युसनचं दुसरं हत्यार म्हणजे डार्स चोक. समोरचा डोकं खाली घालून पटात शिरला की काखेखालून हात घालून मान आणि एक खांदा एकत्र आवळायचा. त्यात दमसास असा की चौथ्या राउंडलाही गडी पहिल्यासारखाच. ऑक्टोबर २०१३ ते जून २०१९ या काळात त्याने ओळीने १२ लढती जिंकल्या.

म्हणजे खबीब जिथे सगळ्यात घातक, नेमका तिथेच फर्ग्युसनही सगळ्यात घातक. एकाला वर राहायचंय, दुसऱ्याला खाली पडायची भीतीच नाही. अशी जोडी क्वचित जमते. एरवी एक ठोसेबाज, एक कुस्तीगीर, आणि प्रश्न एवढाच की लढत उभ्याने होणार की जमिनीवर. इथे सगळे डोळे झाकून सांगत होते की जमिनीवर होणार. तिथे पुढे काय, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

डोकं खाली घालून पटात शिरण्यातला हा धोका मातीतल्या कुस्तीत वाढलेल्या आपल्या पैलवानांनाही ठाऊक नसतो. मातीत मान आवळून श्वास कोंडायचा डाव चालत नाही, त्यामुळे पटात शिरताना मानेची फिकीर करावी लागत नाही. पिंजऱ्यात ती करावीच लागते. कुस्तीतून या खेळात आलेला महाराष्ट्राचा भरत खंदारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला, आणि चीनच्या साँग यादाँगने त्याला पहिल्याच राउंडमध्ये गिलोटीनने, म्हणजे मान काखेत आवळून, हार मानायला लावली.

आता त्या पाच तारखा. पहिल्या दोन झटपट उरकू. डिसेंबर २०१५ मध्ये खबीबची बरगडी दुखावली. एप्रिल २०१६ मध्ये फर्ग्युसनच्या फुप्फुसात पाणी झालं. हे चालायचंच, असं लोक म्हणाले. तिसरी वेळ मार्च २०१७, लास वेगास, यूएफसी २०९, आणि यावेळी पणाला हंगामी विजेतेपद. वजन करण्याच्या आदल्या रात्री खबीबला हॉस्पिटलात न्यावं लागलं.

दोघं ज्या गटात लढायचे त्या लाइटवेटची मर्यादा १५५ पौंड, म्हणजे सुमारे ७०.३ किलो. एरवी या गटातले कितीतरी लढवय्ये ८० किलोच्या पुढे असतात. आधी काही आठवडे खाण्यावर ताबा ठेवून बरंचसं उतरवतात, आणि शेवटचे चार-पाच किलो दोन दिवसांत निव्वळ पाणी काढून. मीठ बंद, भात-भाकरीसारखं पिष्टमय खाणं बंद. आधी भरपूर पाणी पिऊन शरीराला लघवीची सवय लावायची आणि मग ते एकदम तोडायचं. कढत पाण्याचा टब, सौना, अंगावर टॉवेलांची गुंडाळी. शुक्रवारी सकाळी काट्यावर उभं राहायचं आणि शनिवारी रात्रीपर्यंत पुन्हा खाऊनपिऊन फुगायचं. सलाइन लावून पाणी भरून काढणं २०१५ मध्ये यूएफसीत बंद झालं, त्यामुळे हा खेळ आणखी जिवावरचा झाला. मला स्वतःला या खेळातली हीच एक गोष्ट मनापासून खटकते. रक्ताचं मला काही वाटत नाही, पण धडधाकट माणसाला दोन दिवस वाळवून मग मारामारीला उभं करण्यात काय शहाणपण आहे, ते कोणी समजावून सांगेल का? खबीबच्या शरीराने त्या रात्री नकार दिला, एवढंच. चाहत्यांनी मात्र त्याच्या तिरामिसू हा गोड पदार्थ खाण्यावरून त्याला वर्षानुवर्षं चिडवलं.

चौथी वेळ खरी बघण्यासारखी. ७ एप्रिल २०१८, ब्रुकलिनचं बार्कलेज सेंटर, यूएफसी २२३, पणाला विजेतेपद. फाइटला आठवडा उरला असताना बातमी आली की फर्ग्युसन एका टीव्ही स्टुडिओत प्रसिद्धीच्या कामासाठी गेला होता, तिथे जमिनीवरच्या केबलला अडखळला आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. बातमी आली तो दिवस १ एप्रिल. अर्थातच कोणी विश्वास ठेवला नाही. ज्या माणसाने पिंजऱ्यात इतक्या जणांच्या लाथा खाल्ल्या, त्याला एका वायरने घरी बसवलं!

त्याच्या जागी फेदरवेटचा विजेता मॅक्स हॉलोवे आला, पाच-सहा दिवसांत एक वजनगट वर चढून. गुरुवारी आयरिश लढवय्या कॉनर मॅकग्रेगर आपल्या टोळक्यासह डब्लिनहून येऊन थडकला. खबीब ज्या बसमध्ये होता त्या बसवर त्याने सामान वाहायची लोखंडी ढकलगाडी फेकली. काच फुटली, मायकेल चिएसाच्या तोंडाला जखमा झाल्या, रे बोर्गच्या डोळ्याला इजा झाली, दोघांच्याही लढती गेल्या. शुक्रवारी सकाळी वजन उतरवता उतरवता हॉलोवेची अवस्था अशी झाली की न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने त्याला परवानगी नाकारली. आता खबीबसमोर उभं करायचं कोणाला? चिएसाचा प्रतिस्पर्धी अँथनी पेटिस मोकळा झाला होता, तिथे जमलं नाही. शेवटी त्याच कार्डवर, म्हणजे त्या रात्रीच्या लढतींच्या यादीत, पॉल फेल्डरशी लढणारा अल आयाक्विंटा निवडला गेला. हा न्यूयॉर्कचाच, फावल्या वेळात घरं विकणारा रिअल इस्टेट एजंट.

पण आयाक्विंटाचं वजन सकाळी १५५.२ पौंड भरलं होतं. साध्या लढतीत एक पौंडाची सूट मिळते, विजेतेपदाच्या लढतीत ती नसते. म्हणजे जास्तीचे शंभरेक ग्रॅम आडवे आले. त्यामुळे आयोगाच्या लेखी तो जिंकला असता तरी विजेता ठरला नसता. तो हरला, पाच राउंड उभा राहून हरला, खबीब विजेता झाला आणि ग्रॅमांचा वाद तिथेच संपला. बिचाऱ्या फेल्डरचं काय चुकलं, हे मात्र कोणी विचारलं नाही. प्रतिस्पर्धी गेला तसा तोही कार्डाबाहेर.

त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला तर नशिबाने थट्टाच केली. लास वेगासमध्ये यूएफसी २२९ ला खबीबने मॅकग्रेगरला हरवलं, आणि त्याच्या अगदी आधीच्या लढतीत, त्याच पिंजऱ्यात, फर्ग्युसनने पेटिसला हरवलं. दोघं एकाच रात्री एकाच छपराखाली लढले, फक्त एकमेकांशी सोडून.

पाचवी तारीख १८ एप्रिल २०२०, पुन्हा ब्रुकलिन. चाहते यावेळी शहाणे झाले होते. गुडघा म्हणू नका, बरगडी म्हणू नका, वजन म्हणू नका, सगळ्याची तयारी होती. आली महासाथ. न्यूयॉर्क बंद. लढत आखातात होईल या आशेवर खबीब कॅलिफोर्नियातून निघाला होता, तो शेवटी दागेस्तानात अडकला. फर्ग्युसनसमोर जस्टिन गेथजी आला. जागा म्हणून कॅलिफोर्नियातल्या मूळनिवासी जमातीच्या भूमीवरचा एक कॅसिनो ठरला, कारण तिथे राज्याच्या आयोगाची सत्ता चालत नाही. तेव्हा प्रक्षेपण करणारी ईएसपीएन आणि तिची मालक डिस्ने यांनी थांबा म्हटल्यावर तेही बारगळलं. फर्ग्युसनने तरीही मूळ ठरलेल्या दिवशी वजन उतरवून १५५ पौंड भरून दाखवलं, रद्द झालेल्या लढतीसाठी! तीन आठवड्यांनी त्याने पुन्हा वजन उतरवलं आणि ९ मे रोजी, जॅक्सनव्हिलच्या रिकाम्या सभागृहात, गेथजीने त्याला पाचव्या राउंडपर्यंत झोडपून काढलं. त्या रात्री सरळसरळ दोन वजनकपातींचा हिशेब चुकता झाला असं माझं मत आहे, पण गेथजीचं श्रेय मी कमी करत नाही.

जुलैमध्ये खबीबचे वडील अब्दुलमनाप गेले. ऑक्टोबरमध्ये अबू धाबीत गेथजीला दुसऱ्या राउंडमध्ये त्रिकोणी पकडीत बेशुद्ध करून खबीब २९ पैकी २९ लढती जिंकून निवृत्त झाला. फर्ग्युसन त्यानंतर हरतच गेला. गेथजीपासून ऑगस्ट २०२४ पर्यंत तो एकही लढत जिंकला नाही, आणि ओळीने आठवा पराभव दिला तो बसच्या काचेने जखमी झालेल्या त्याच चिएसाने.

कोण जिंकलं असतं? माझा कौल खबीबला. फर्ग्युसनची कोपरं चालतात ती पिंजऱ्याच्या मध्यावर, जिथे खालच्या माणसाला कंबर हलवायला जागा असते. खबीब कोणाला तिथे राहू देतच नाही, तो जाळीपाशी नेतो. शिवाय ऑक्टोबर २०१७ मध्ये केव्हिन लीने पहिल्या राउंडमध्ये फर्ग्युसनच्या छातीवर बसून ठोसे मारले होते. लीला ते जमलं तर खबीबला किती वेळ लागला असता? फर्ग्युसनवाले यावर लगेच सांगतील की तिसऱ्या राउंडमध्ये दमलेल्या लीला त्रिकोणी पकडीत हार मानावी लागली. खरं आहे. म्हणून तर भांडण मिटत नाही.

पण ही एकच जोडी शापित होती असं समजू नका. क्रिकेटमध्ये बोट मोडलं तर बारावा खेळाडू असतो. इथे दोनच माणसं, एकच तारीख, आणि त्या तारखेआधी दोन महिने दोघंही आपापल्या तालमीत खऱ्याखुऱ्या ठोशांचा सराव करत असतात. २०२४ च्या जूनमध्ये मॅकग्रेगरची बहुचर्चित वापसी पायाच्या एका मोडलेल्या बोटाने बुडवली. अशा घटनांमुळेच मोठ्या लढतींना बरेचदा राखीव लढवय्या ठेवतात. तो वजन उतरवतो, काट्यावर उभा राहतो आणि बहुतेक वेळा न लढताच घरी जातो. खबीब-गेथजी लढतीला मायकेल चँडलर असा राखीव होता.

त्यामुळे पुढचं कार्ड जाहीर झालं की मुख्य जोडीवर खुशाल तर्क लढवा, पण खालच्या लढतींत त्याच वजनाचे कोण आहेत तेही बघून ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये यूएफसी ३११ ला अर्मान त्सारुक्यानची पाठ आदल्या दिवशी धरली. इस्लाम माखाचेवसमोर, म्हणजे खबीबच्या तालमीतल्या मित्रासमोर, रेनाटो मोइकानो एका दिवसाच्या निरोपावर उभा राहिला. तो त्याच रात्री बेनिल दारियुशशी लढणार होता. माखाचेवने त्याला पहिल्याच राउंडमध्ये डार्स चोकने संपवलं, फर्ग्युसनच्या आवडत्या डावाने. दारियुश सगळी तयारी करून, वजन भरून, प्रतिस्पर्धीच नाही म्हणून न लढता परतला. अशा माणसाला पैसे मिळतात का, किती, आणि ते ठरवतं कोण, हा पुढच्या रविवारचा विषय.