अनोळखी व्यक्तींशी आंतरजालावरील वाद : कायद्याची मर्यादा आणि संवादाची शिस्त

प्रस्तावना

तंत्रज्ञान, कायदा आणि दैनंदिन जीवन या विषयांवर कधीही न भेटलेल्या माणसांशी वाद घालणे ही आज सामान्य बाब झाली आहे. गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यात कॅमेरे बसवावेत की नाही, येथपासून ते नव्या कायद्याच्या युक्तायुक्ततेपर्यंत सर्व प्रश्नांची चर्चा आंतरजालावर होते. महाविद्यालयीन विद्यार्थी या चर्चेत मोठ्या संख्येने सहभागी होतात. त्यांना मार्गदर्शन करताना अध्यापकवर्गाकडून बहुधा एकच सल्ला दिला जातो : “उगीच काही लिहू नका, अडचणीत याल.” हा सल्ला काळजीपोटी दिला जात असला, तरी तो अपुरा आहे. कायदा नेमके काय रोखतो आणि काय रोखत नाही हे त्यातून समजत नाही. तसेच वाद कसा करावा हेही शिकविले जात नाही.

उद्दिष्टे

१) आंतरजालावरील अभिव्यक्तीसंबंधी कायद्याची मर्यादा एका प्रत्यक्ष प्रकरणाच्या आधारे स्पष्ट करणे.
२) भारतीय न्यायदर्शनातील वादप्रकारांच्या साहाय्याने अशा चर्चेचे स्वरूप तपासणे.
३) अध्यापकांच्या भूमिकेचा विचार करणे.

पालघर प्रकरण व कलम ६६ (अ)

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६ (अ) समाविष्ट झाले व ते २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. संगणक किंवा दूरसंचार साधनाद्वारे ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठविणे, तसेच खोटी असल्याचे ठाऊक असलेली माहिती ‘त्रास’ वा ‘गैरसोय’ व्हावी या हेतूने सातत्याने पाठविणे, यांसाठी ३ वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद त्यात होती. ‘आक्षेपार्ह’ कशास म्हणावे, याची व्याख्या मात्र कायद्यात नव्हती.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळण्यात आलेल्या बंदबाबत पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला. दुसऱ्या तरुणीने त्यास पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. पुढे हे प्रकरण बंद करण्यात आले. तथापि, केवळ एक कळ दाबून दिलेली पसंतीही अटकेस कारण ठरू शकते, ही गोष्ट देशभर चर्चेचा विषय झाली. याच सुमारास श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

न्या. जे. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६ (अ) घटनाबाह्य ठरविले. आंतरजाल हे अन्य माध्यमांहून वेगळे आहे व त्यासाठी स्वतंत्र गुन्हे निश्चित करता येतील, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु माध्यम वेगळे आहे म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्याची कसोटी सैल होत नाही, असेही स्पष्ट केले. संविधानाच्या अनुच्छेद १९ (२) मध्ये नमूद केलेल्या कारणांखेरीज अन्य कारणाने निर्बंध घालता येत नाही आणि ‘त्रास’ वा ‘गैरसोय’ ही कारणे त्यात नाहीत.

या निकालातील सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे चर्चा, प्रतिपादन आणि चिथावणी या तीन पायऱ्यांतील भेद. एखाद्या मताची चर्चा करणे, किंवा ते कितीही अप्रिय असले तरी आग्रहाने मांडणे, हे संरक्षित आहे. ते चिथावणीच्या पातळीवर पोहोचते तेव्हाच निर्बंधाचा प्रश्न निर्माण होतो. याचा अर्थ सर्व काही मुक्त झाले असा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गटागटांत वैरभाव वाढविणे (कलम १९६), धमकी (कलम ३५१) आणि बदनामी (कलम ३५६) हे गुन्हे आहेतच, आणि ते आंतरजालावरील मजकुरालाही लागू होतात.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावयास हवी. कलम रद्द झाल्यानंतरही काही ठिकाणी त्याखाली गुन्हे नोंदविले जात राहिले. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे निर्देश द्यावे लागले. न्यायनिर्णय झाला तरी त्याचे ज्ञान तळापर्यंत पोहोचतेच असे नाही, हे यावरून दिसते.

वाद, जल्प आणि वितंडा

कायदा चिथावणी रोखतो. परंतु निरर्थक भांडणाचे रूपांतर विचारविनिमयात करणे हे त्याचे कार्य नव्हे. त्यासाठी वेगळी वर्गवारी आवश्यक आहे आणि ती आपल्या परंपरेत उपलब्ध आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे वादसंवादाचे, तीन प्रकार सांगितले आहेत. प्रमाण व तर्क यांच्या आधारे, तत्त्वनिर्णयासाठी केलेली चर्चा म्हणजे ‘वाद’. केवळ जिंकण्यासाठी केलेला, छलादी साधने वापरणारा तो ‘जल्प’. स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचे खंडन करणे म्हणजे ‘वितंडा’. मराठीतील ‘वितंडवाद’ हा शब्द येथूनच रूढ झाला.

जिन्यातील कॅमेऱ्यांचेच उदाहरण घेऊ. चित्रण कोण पाहणार व ते किती दिवस ठेवणार, असे विचारणारा वाद करीत असतो. “म्हणजे तुम्हाला चोर हवे आहेत तर!” असे म्हणणारा जल्प करतो. प्रत्येक सूचनेला नाव ठेवणारा, पण स्वतःचा पर्याय न सांगणारा वितंडेत रमलेला असतो. यांपैकी कोणाचेही बोलणे बेकायदेशीर नाही. परंतु निर्णयास मदत होते ती केवळ पहिल्याची. ‘वाक्छल’ या दोषाचे शास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण ‘नवकंबल’ हे आहे : बोलणाऱ्याला ‘नवी’ घोंगडी अभिप्रेत असते आणि प्रतिपक्षी ‘नऊ घोंगड्या कोठे आहेत?’ असे विचारतो. आंतरजालावरील कितीतरी भांडणे याच जातीची असतात.

अनोळखीपणामुळे हा दोष वाढतो. समोरच्याचा चेहरा व स्वर उपलब्ध नसतो, पूर्वपरिचयाचा आधार नसतो आणि वाचणारे अनेक असल्याने माघार घेणे मानहानीचे वाटते. शिवाय परिचितांसाठी लिहिलेले वाक्य संदर्भाविना अपरिचितांपर्यंत पोहोचते. ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी १८५५’ या संगणकजालावरील शिष्टाचाराच्या दस्तऐवजात याची जाणीव दिसते. समूहात लिहिण्यापूर्वी एक-दोन महिने नुसते वाचावे आणि भावनेच्या भरात द्यावयाचे उत्तर रात्रभर थांबवून ठेवावे, असे त्यात सुचविले आहे. तंत्रज्ञान बदलले असले, तरी या सूचनांचे मूल्य कमी झालेले नाही.

अध्यापकांची भूमिका

विद्यार्थ्याला गप्प राहण्याचा सल्ला देणे म्हणजे, न्यायालयाने अस्पष्ट कायद्यामुळे निर्माण होणाऱ्या ज्या धास्तीबद्दल चिंता व्यक्त केली, तीच वर्गात निर्माण करणे होय. त्याऐवजी पुढील बाबी कोणत्याही विद्याशाखेत शक्य आहेत.

१) चर्चा, प्रतिपादन व चिथावणी यांतील भेद उदाहरणांसह समजावून देणे.
२) उत्तर देण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याला मान्य होईल अशा शब्दांत, लिहून काढण्याचा सराव देणे.
३) एखादा प्रत्यक्ष वाद वर्गात वाचून त्यातील वाद, जल्प व वितंडा ओळखण्यास सांगणे. यासाठी लेखकांची नावे वगळावीत.
४) चूक आढळल्यास ती मान्य करणे हा पराभव नसून वादाचे फलित आहे, हे स्वतःच्या आचरणातून दाखविणे.

निष्कर्ष

कायद्याने आखलेली रेषा बरीच दूर आहे आणि ती तशीच असावयास हवी. लोकशाहीत अप्रिय मतालाही जागा लागते. परंतु त्या रेषेच्या अलीकडील विस्तीर्ण क्षेत्रात कसे वागावे, हे कोणतेही कलम सांगू शकत नाही. ती शिस्त शिक्षणातूनच येते. पालघरच्या तरुणीने विचारलेला प्रश्न कोणाला पटला नसेल, तर त्याचे योग्य उत्तर प्रतिवाद हे होते, अटक नव्हे. तो प्रतिवाद सभ्यपणे करता येणारी पिढी घडविणे हे महाविद्यालयाचे काम आहे.