बाविसावा पूर्वज कोण?

आपल्याकडचे कुलवृत्तांत मूळ पुरुषापासून खाली उतरतात. एका आडनावाच्या शाखा त्यात सविस्तर मिळतात, पण पणजीचं माहेर शोधायला जावं तर हाती फार तर एक आडनाव लागतं. म्हणून स्वतःपासून वर चढणारी क्रमांकपद्धत मला मोलाची वाटते. मिखाएल आयत्सिंगर यांनी ती १५९० मध्ये छापली. १६७६ मध्ये स्पेनच्या जेरोनिमो दे सोसा यांनी आणि १८९८ मध्ये जर्मनीच्या श्ट्राडोनित्स यांनी ती पुढे नेली.

आपला क्रमांक १. कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याचे वडील, दुपटीत एक मिळवला की आई. म्हणजे वडील २, आई ३, आजी-आजोबा ४ ते ७, पणजी-पणजोबा ८ ते १५.

आता २२ क्रमांकाचं नातं ओळखायचं आहे. निम्मे करत या, उरलेला अर्धा सोडा: २२, ११, ५, २, १. हेच उलट वाचा. २ वडील, ५ त्यांची आई, ११ तिची आई, २२ तिचे वडील. थोडक्यात, वडिलांच्या आजोळच्या आजीचे वडील! नाव ठाऊक नसलं तरी २२ ही जागा त्यांचीच. उद्या नाव सापडलं तर बाकीचे आकडे हलत नाहीत.

वडिलांनी मामाची मुलगी केली असेल तर ५ आणि ६ सख्खी भावंडं ठरतात. मग १० आणि १२ एकच माणूस, तसेच ११ आणि १३. अशा वेळी १२ समोर ‘१० पाहा’ एवढंच लिहावं, क्रमांक गाळू नये. दत्तक असल्यास जन्मदात्याकडून वर जायचं की दत्तक घराण्यातून, हे आधी ठरवून तशी नोंद करावी.

वंशज मोजताना ठिपके वापरतात: १.३.२ म्हणजे मूळ व्यक्तीच्या तिसऱ्या अपत्याचं दुसरं अपत्य. ठिपके गाळले तर दहावं अपत्य येताच घोटाळा होतो.

ज., वि., मृ. हे जन्म, विवाह, मृत्यूचे संक्षेप सरावाचे आहेत. खरी काळजी सनाची घ्यावी लागते. नुसतं ‘मृ. १८२०’ लिहिलं आणि ते शके असलं, तर माणूस तब्बल ७८ वर्षं आधी मरतो, कारण शके १८२० म्हणजे इसवी सन १८९८-९९. त्यामुळे आकड्याआधी ‘श.’ किंवा ‘इ.स.’ हवंच, आणि वर्ष अंदाजाचं असेल तर ‘सु.’ही.