बाळाच्या यकृताचा अहवाल वाचताना

बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर दिवसभरात जे कागद येतात, त्यांतील 'एल. एफ. टी.' या तीन अक्षरांची पालकांना सर्वाधिक धास्ती वाटते. दोन आकड्यांपुढे तारका छापलेल्या दिसल्या की घरात त्या रात्री कोणाला झोप येत नाही. उलट, एखादा खरोखर गंभीर आकडा तारकांच्या त्या गर्दीत कोणाच्या नजरेतही भरत नाही. ही धास्ती काय किंवा ही बेफिकिरी काय, दोन्हींचे मूळ एकच आहे: अहवालातील प्रत्येक आकडा कोणता प्रश्न विचारतो, हे आपल्याला ठाऊक नसते. आपल्या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचक पालकांशी आणि विशेषतः आजी-आजोबांशी याविषयी थोडे बोलावे, असे मनात आले.

मुळात 'यकृताच्या कार्याची चाचणी' हे नावच थोडे फसवे आहे. एस. जी. पी. टी. आणि एस. जी. ओ. टी. ही यकृताच्या पेशींच्या आत राहणारी विकरे. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. शेजारच्या घरात भांडी फुटल्याचा आवाज आला, तर तिथे काहीतरी बिघडले आहे एवढे कळते. स्वयंपाक चालू आहे की थांबला, हे मात्र त्या आवाजावरून समजत नाही. यकृताचा 'स्वयंपाक' म्हणजे प्रथिने तयार करणे. त्याचा अंदाज अल्ब्युमिनवरून आणि त्याहूनही लवकर प्रोथ्रॉम्बिन टाइम किंवा आय. एन. आर. या रक्त गोठण्याच्या चाचणीवरून येतो. अल्ब्युमिन रक्तात कित्येक दिवस टिकून राहते; त्यामुळे यकृताला अचानक इजा झाली तरी पहिल्या आठवड्यात ते सामान्य दिसू शकते. आय. एन. आर. मात्र एक-दोन दिवसांतच बदलतो. गंमत अशी, की ही सर्वांत महत्त्वाची चाचणी नेहमीच्या एल. एफ. टी.च्या कागदावर बहुधा नसतेच. ती वेगळी सांगावी लागते.

पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी 'हेपॅटायटिस ए'ची कावीळ आपल्याकडे नवी नाही. तीत एस. जी. पी. टी. हजार-दोन हजारांवर जातो, आई-वडिलांचा धीर सुटतो, आणि बहुतेक मुले काही आठवड्यांत ठणठणीत होतात. ही कावीळ आपोआप उतरते, म्हणूनच तर गळ्यात घातलेल्या माळेला तिचे श्रेय मिळते. परंतु क्वचित एखाद्या मुलात याच्या उलट घडते. एस. जी. पी. टी. झपाट्याने खाली येतो, घरचे सुस्कारा टाकतात. त्याच वेळी बिलिरुबिन आणि आय. एन. आर. मात्र वाढत असतात. हे बरे होण्याचे लक्षण नव्हे. फुटायला भांडीच उरलेली नाहीत, असा त्याचा अर्थ. अशा मुलाला गुंगी येऊ लागली, ते असंबद्ध बोलू लागले, दिवसा झोपून रात्री जागू लागले किंवा उलट्या थांबेनाशा झाल्या, तर पुढच्या अहवालाची वाट न पाहता यकृतविकारांची सोय असलेले रुग्णालय त्याच दिवशी गाठावे.

आता विनाकारण घाबरवणाऱ्या आकड्यांकडे वळू. अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर यकृताप्रमाणेच वाढत्या हाडांतूनही येते. प्रौढांत ते साधारण १२० पर्यंत असते. वाढत्या मुलात ३०० ते ३५० असले तरी ती बहुधा उंची वाढत असल्याची खूण असते. अनेक प्रयोगशाळा अहवालावर प्रौढांचीच मर्यादा छापतात आणि धडधाकट मुलापुढे तारका उमटते. आकडा तपासण्यापूर्वी शेजारच्या रकान्यातील मर्यादा कोणत्या वयाची आहे, हे तपासावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. एस. जी. ओ. टी. आणि काही प्रमाणात एस. जी. पी. टी. ही विकरे स्नायूंतही असतात. काही वर्षांपूर्वी पाच वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. 'लिव्हरला सूज' म्हणून दुसरीकडे कित्येक महिने त्याला टॉनिके दिली जात होती, पण आकडे हलत नव्हते. बिलिरुबिन सामान्य, अल्ब्युमिन सामान्य, आय. एन. आर. सामान्य. मी त्याला जमिनीवर बसवून उठायला सांगितले. गुडघ्यांवर हात टेकत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत तो उभा राहिला. पोटऱ्या वयाच्या मानाने भरीव होत्या. सी. पी. के. ही स्नायूंची तपासणी केली आणि ड्युशेन या स्नायुविकाराचे निदान झाले. निदानाने रोग बरा झाला नाही. परंतु योग्य उपचार वेळेवर सुरू करता आले, आणि पुढच्या गर्भारपणाचा विचार करण्यापूर्वी आईची जनुकीय तपासणी करता आली. यकृत निर्दोष होते. कागद यकृताचा होता, एवढेच.

अहवाल इजा दाखवतो, तिचे कारण क्वचितच सांगतो; ते घरात शोधावे लागते. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या पुण्यातले आहे. एके काळी भारतीय बालकांत यकृत दगडासारखे कठीण करून प्राण घेणारा एक सिऱ्हॉसिस आढळत असे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह शोध घेतला, तेव्हा संशय थेट स्वयंपाकघरातील पितळी भांड्यावर आला. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेल्या आणि साठवलेल्या दुधातून तांबे तान्ह्या बाळाच्या यकृतात साचत होते. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. पितळेची जागा स्टीलने घेतली, आणि हा आजार आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. म्हणूनच अहवाल हाती घेण्यापूर्वी मी विचारतो: बाळ काय खाते-पिते, कोणती औषधे, कोणते काढे, कोणती भस्मे घरात चालू आहेत? येथे संकोच करू नये.

अखेरीस, ज्या एका आकड्यासाठी हा लेख लिहिला, त्याकडे येतो.

नवजात बाळाची कावीळ घरोघरी परिचयाची. तांबड्या पेशी मोडून तयार झालेले बिलिरुबिन बाहेर टाकायला नवे यकृत थोडा वेळ घेते, आणि पूर्ण दिवसांच्या बाळाची अशी कावीळ साधारण दोन आठवड्यांत ओसरते. आमच्या इंदूरच्या मराठी घरांत आजही 'कोवळे ऊन दाखवा, जाईल' असे सांगितले जाते. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला, तर मात्र ऊन पुरे. त्या दिवशी बिलिरुबिनचे दोन भाग वेगवेगळे मोजून घ्यावेत. एकूण आकडा किती, यापेक्षा त्यातील 'डायरेक्ट' भाग किती, हे महत्त्वाचे. तो १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असेल, तर ती कावीळ साधी नव्हे. पित्त तयार होऊनही पुढे वाहत नाही, असा संशय घ्यावा.

यामागे पित्तनलिका बंद होत जाण्याचा 'बिलिअरी अट्रेसिया' हा विकार असू शकतो. जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया अशा बाळांना आधार देते. परंतु ती साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक. उशीर झाला की यकृत कठीण होत जाते आणि प्रत्यारोपणाखेरीज मार्ग उरत नाही. वेळेवर शस्त्रक्रिया होऊनही पुढे काहींना प्रत्यारोपण लागते. पण मिळालेली वर्षे मोलाची असतात.

फसगत होते ती अशी, की हे बाळ सुरुवातीला आजारी दिसतच नाही. ते अंगावर पिते, हसते, बाळसे धरते. खूण असते ती लंगोटात. पित्त आतड्यात न पोचल्याने शी फिकट, चुन्यासारखी किंवा राखाडी होते. लघवी मात्र गडद पिवळी होऊन कपड्यावर डाग पाडते. तैवानने २००४ मध्ये शीच्या रंगांचे एक साधे पत्रक देशभरातील मातांच्या हाती दिले, आणि बाळे शस्त्रक्रियेसाठी लवकर पोचू लागली. आपल्या घरात ते पत्रक नसेल. बाळाचे लंगोट धुणारी आजी तर आहे! तिने पाहावे, आणि पाहिलेले निःसंकोच सांगावे. शंका आल्यास लंगोटच दवाखान्यात आणावा. आम्हां डॉक्टरांना त्याची किळस वाटत नाही.

तेव्हा अहवाल हाती आला की क्रमाने विचारावे. मूल कसे आहे? छापलेली मर्यादा त्याच्या वयाची आहे का? आय. एन. आर. केला आहे का? आणि बाळ दोन आठवड्यांपेक्षा मोठे असून पिवळे असेल, तर डायरेक्ट बिलिरुबिन किती? बाकीच्या तारका डॉक्टरांवर सोपवाव्यात. हा शेवटचा प्रश्न मात्र डॉक्टरांनी काढला नाही, तर आपण काढावा.