लिथियमची गोळी घरात सांभाळताना

बायपोलर आजारात मन दोन टोकांना जाते. एका टोकाला उन्माद: झोप लागत नाही, बोलणे थांबत नाही, पैसा भराभर खर्च होतो. दुसऱ्या टोकाला नैराश्य. या आजारावर आज बरीच औषधे आहेत. इथे आपण फक्त लिथियमबद्दल बोलू. १९४९ साली ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग होतो हे लिहिले आणि आजही ते या आजारावरचे महत्त्वाचे औषध आहे. आत्महत्येचा धोका कमी करण्यातही त्याचा हात आहे. पण ते नुसते गिळून विसरून जाण्याचे औषध नाही.

लिथियम हा एक क्षार आहे, मिठाच्या जातीचा. यकृत त्याचे काही करत नाही. ते जसेच्या तसे मूत्रपिंडातून लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंड मीठ आणि लिथियम यांना जवळपास सारखेच वागवते. शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. गोळी तीच, पण रक्तातले प्रमाण वाढते. घरी होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ इथे आहे.

गोळी सुरू करण्याआधी डॉक्टर काही तपासण्या करून घेतात: मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच, रक्तातले कॅल्शियम, वजन, आणि वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर ईसीजी. हे रिपोर्ट टाकू नका. पुढे काही बदलले तर आधी काय होते हे त्यांच्यावरूनच कळते.

गोळी रोज एकाच वेळी घ्या, शक्यतो जेवणानंतर, म्हणजे मळमळ कमी होते. बरेच डॉक्टर रात्रीची वेळ देतात. एखाद्या रात्री राहिली आणि सकाळी लक्षात आले, तर त्या रात्री दोन घेऊ नका. नेहमीची एकच घ्या.

आता रक्ततपासणी, म्हणजे लिथियमची लेव्हल. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर साधारण आठवड्याने ती करतात, कारण प्रमाण स्थिर व्हायला तेवढे दिवस लागतात. पुढे लेव्हल स्थिर झाली की दर तीन आणि मग दर सहा महिन्यांनी. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला. सकाळीही गोळी असेल तर ती खिशात घेऊन जा आणि रक्त दिल्यावर घ्या. सर्वात जास्त घोळ इथेच होतो: गोळी खाऊन लॅबमध्ये गेलात की आकडा खोटा वाढलेला येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. आणखी एक बारीक गोष्ट. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिन घातलेले असते. तपासणी लिथियमची आहे, हे रक्त घेणाऱ्याला आधीच सांगा.

दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांसाठी बहुधा ०.६ ते ०.८ हा आकडा धरतात, गरज पडल्यास १.० पर्यंत. उन्मादाच्या भरात काही दिवस थोडा जास्तही ठेवतात. १.५ च्या वर धोका सुरू होतो. उपयोगाचे प्रमाण आणि विषबाधेचे प्रमाण यांच्यातले अंतर इतके थोडे आहे. वयस्क माणसांना तर त्याहून कमी आकड्यालाही त्रास होऊ शकतो, म्हणून रिपोर्टइतकेच माणसाकडेही लक्ष ठेवा.

रोजच्या त्रासांपैकी सर्वांत आधी नजरेत भरतो तो हातांचा बारीक कंप. चहाची कपबशी उचलली की बशी किणकिणते, सुईत दोरा ओवता येत नाही, बँकेतली सही बदलते. पाहुण्यांसमोर कप धरायला लाज वाटते म्हणून गोळी सोडणारी माणसे आहेत, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण डॉक्टरांना हे सांगा. डोस कमी करून किंवा सोबत दुसरे औषध देऊन कंप पुष्कळदा आटोक्यात येतो. चहा-कॉफीने कंप वाढतो हे खरे, तरी ती एकदम बंद करू नका. कॅफिनमुळे लिथियम जास्त बाहेर पडत असते. ते अचानक थांबले की लेव्हल चढते. हळूहळू कमी करा आणि डॉक्टरांना कळवा.

तहान आणि वारंवार लघवी हा दुसरा त्रास. लिथियममुळे मूत्रपिंडाला पाणी नीट राखता येत नाही. तहान लागेल तेव्हा पाणी प्या, रोखू नका. मात्र साधे पाणी प्या. सरबत आणि कोल्ड्रिंकवर तहान भागवली तर वजन वाढते, आणि ते लिथियमने एरवीही वाढू शकते.

थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, सुस्ती: ही थायरॉइड मंदावल्याची लक्षणे असू शकतात. स्त्रियांमध्ये हे जास्त दिसते. घरात याला ‘पुन्हा डिप्रेशन आले’ म्हणून सोडून देतात. टीएसएच पाहा. थायरॉइडची गोळी जोडून बहुतेक वेळा लिथियम चालू ठेवता येते.

आता उन्हाळा आणि उपास. विदर्भातले एप्रिल-मे, शेतातले काम, वारीतली चाल: घामातून मीठ आणि पाणी दोन्ही जातात. निर्जळी एकादशी किंवा अळणी खाण्याचे व्रत लिथियम घेणाऱ्याने करू नये, असे मी स्पष्टच सांगेन. श्रद्धा मोडायची नसेल तर पाणी आणि मीठ चालणारा उपास निवडा आणि आधी डॉक्टरांशी बोला. बीपीसाठी घरातले मीठ कमी करायचे ठरले किंवा कमी सोडियमचे मीठ आणले, तरी डॉक्टरांना कळवा. रोजचे मीठ एकसारखे राहणे महत्त्वाचे.

उलट्या, जुलाब किंवा जोराचा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी गोळी थांबवायची का, हे आधीच विचारून कागदावर लिहून ठेवलेले बरे. रात्री अकराला जुलाब लागल्यावर विचारायला कुणी भेटत नाही.

दुसरी औषधे हा सर्वांत फसवा भाग. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक लेव्हल वाढवते. साधे पॅरासिटामॉल चालते. पण पुष्कळ पट्ट्यांवर पॅरासिटामॉलबरोबर एसिक्लोफेनॅकही असते, म्हणून बारीक अक्षरातले नाव वाचा. बीपीच्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा गोळ्या आणि लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायाझाइड यांचेही तसेच. प्रत्येक डॉक्टरला, दाताच्यासुद्धा, आपण लिथियम घेतो हे सांगा.

हाताचा कंप जाडाभरडा झाला, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, तर ही लिथियमची विषबाधा समजा. पुढची गोळी घेऊ नका, लगेच रुग्णालय गाठा आणि दारातच ‘लिथियम चालू आहे’ असे सांगा. ही लक्षणे घरातल्यांनाही माहीत हवीत, कारण रुग्णाला स्वतःला ती उमगतीलच असे नाही.

बरे वाटू लागले की गोळी सोडावीशी वाटते. एकदम सोडली तर आजार, विशेषतः उन्माद, लवकर परत येऊ शकतो. सोडायचेच ठरले, किंवा बाळाचा विचार असला, तर डॉक्टरांबरोबर आधी ठरवून किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिन्यांपर्यंत, हळूहळू डोस उतरवतात. रात्री-अपरात्री मन सैरभैर झाले आणि आपले डॉक्टर मिळत नसले, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो. तिथे मराठीत बोलता येते.