जुनी विजेची गिटार : पारखावी कशी, सुधारावी कशी

बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी शिंगांना लावलेला रंग पाहत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावलं चालवून पाहतो. जुनी विजेची गिटार घ्यायची झाली तर हीच रीत ठेवावी. तालुक्याच्या ऑर्केस्ट्रात, चर्चच्या गायनवृंदात, शाळेच्या स्नेहसंमेलनात ही गिटार आता दिसते. नवी चांगली गिटार महाग, म्हणून एखादा मुलगा सुट्टीत काम करून पैसे साठवतो आणि कुणाची तरी वापरलेली घेतो. चकाकी पाहून घेतो. मग सूर काही केल्या लागत नाही, बोटं दुखतात, आणि ‘आपल्या हातात संगीत नाही’ असं समजून तो वाद्य माळ्यावर टाकतो. पुष्कळदा दोष हाताचा नसतो, दांडीचा असतो.

आधी हे वाद्य बोलतं कसं, ते पाहू. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारीला पोकळ पेटी असते. विजेच्या गिटारीचं अंग बहुधा भरीव लाकडाचं. तारांच्या खाली चुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. फॅरडेनं १८३१ साली दाखवलेलं विद्युत्प्रवर्तन ते हेच. विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात ही गिटार एकदा जरूर दाखवावी. सायकलच्या डायनॅमोपेक्षा मुलांना ती लवकर कळेल. ती क्षीण वीज अॅम्प्लिफायर वाढवतो आणि कर्णा बोलू लागतो. पितळी किंवा नायलॉनच्या तारा इथे चालत नाहीत, त्याचं कारणही हेच.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचे गृहस्थ रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवीत. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची नजर त्यांच्यापाशी होती : बिघडलेला भाग काढावा, नवा बसवावा. त्यांनी दांडी सरसानं चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी अंगाला जोडली. १९५० साली त्या गिटारीला त्यांनी ‘ब्रॉडकास्टर’ हे नाव दिलं होतं. दुसऱ्या एका कंपनीची हरकत आली म्हणून पुढच्या वर्षी ते ‘टेलिकास्टर’ झालं. नभोवाणीच्या पुस्तिकेत ही गोष्ट सांगायला मला विशेष आनंद वाटतो. १९५४ साली त्यांची ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. आज बाजारात मिळणाऱ्या कितीतरी स्वस्त गिटारी याच दोघींच्या घडणीच्या आहेत.

या घडणीमुळेच जुन्या गिटारीत सुधारणा करता येते. इंग्लंडचे प्रसिद्ध वादक एरिक क्लॅप्टन यांनी १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या एका दुकानातून काही जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. काही मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग एकत्र करून एक गिटार बांधली. ही काळी ‘ब्लॅकी’ त्यांनी वर्षानुवर्षं वाजवली आणि २००४ साली लिलावात ती साडेनऊ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. किंमत अर्थात वाजवणाऱ्याच्या नावाची. पण वाद्य जुन्या भागांतूनच उभं राहिलं होतं.

आता बाजारातली पारख. सुतार फळी डोळ्याला लावून पाहतो, तशी गिटार खालच्या टोकाकडून डोळ्याला लावा आणि दांडीच्या दोन्ही कडा पाहा. एक कड वर, एक खाली, म्हणजे दांडीला पीळ आहे. तशी गिटार फुकट मिळाली तरी दोनदा विचार करावा. नुसता बाक असेल तर घाबरू नका. जाड तार पहिल्या पडद्यावर दाबा आणि दांडी जिथे अंगाला मिळते तिथल्या पडद्यावरही दाबा. मधल्या, म्हणजे सातव्या-आठव्या पडद्यापाशी, तारेखाली पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट दिसावी. जास्त असेल तर दांडीच्या पोटातली पोलादी सळई किल्लीनं पाव फेरा घट्ट करतात आणि लाकडाला एक दिवस देतात. मात्र ती सळई मुळीच फिरत नसेल, तर विकणाऱ्याचा चहा घ्यावा आणि उठावं.

पडद्यांवर तारांनी खाचा पाडल्या आहेत का, तेही बघा. पडदे बदलणं हे कारागिराचं काम आहे, आणि खर्चाचंही.

बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. स्ट्रॅटोकास्टरची तार साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर. त्यामुळे बारावा पडदा ३२४ वर. तिथे तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, मग दाबून छेडा. दोन्ही सूर एक यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर घोडीवरचा त्या तारेचा टेकू स्क्रूनं थोडा मागे सरकवा, उतरला असेल तर पुढे घ्या. पुष्कळ ‘बेसूर’ गिटारी एवढ्यानंच सुरात येतात आणि पैसा लागत नाही.

विजेच्या भागाचं भय बाळगू नका. बटण फिरवताना खरखर होते ती बहुधा धुळीची. वायरच्या टोकांना मीटर लावून, आवाजाचं बटण पूर्ण उघडून रोध मोजा. पाच ते पंधरा हजार ओहम आला तर पिकअप शाबूत समजा. दोन-अडीच लाखांवर गेला तर त्याची बारीक तार तुटली असावी. (पोटात बॅटरी असलेल्या गिटारीला ही कसोटी लागू नाही.) पिकअप बदलायला चार डाग काढायचे आणि चार द्यायचे, गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा हे काम करू शकेल. एका वेटोळ्याचा पिकअप घरातल्या विजेची घुंघुं पकडतो. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन उलटी वेटोळी जोडून ती घालवली. तरी माझं मत असं की नवा पिकअप शेवटी घ्यावा. आधी नव्या तारा, आधी घोडी, आधी दांडी. पावसाळ्यात कोकणात तारा पाहता पाहता गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसाव्यात. काढलेले मूळ भाग स्क्रूंसकट डब्यात ठेवावेत, कारण पुढचा गिऱ्हाईक तेच आधी विचारतो.

आणखी एक गोष्ट, आणि ही टाळू नका. गिटारीतली वीज मुंगीलाही लागणार नाही, पण तिच्या तारा अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. मांडवातल्या वायरिंगमध्ये अर्थिंग नसेल तर २३० व्होल्ट बोटांपर्यंत येऊ शकतात. ‘स्टोन द क्रोज’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी इथे रंगमंचावरच गेले. अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून धक्का बसला होता. तीन पायांच्या प्लगचा मोठा पाय कापून दोन पायांच्या खोबणीत बसवण्याची खोड आपल्याकडेही आहे. तसा प्लग दिसला तर कार्यक्रम थांबवा, वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या आणि मगच गिटार गळ्यात अडकवा.